चेक लिहिताना, भरताना आणि तो परत आल्यावर

भारतात आपण एका बँकेत भरलेला दुसऱ्या बँकेचा चेक आता कागदाच्या रूपात त्या बँकेपर्यंत जात नाही. २००८ साली नवी दिल्लीत सुरू झालेल्या आणि पुढे देशभर लागू झालेल्या चेक ट्रंकेशन पद्धतीनुसार चेक भरून घेणारी बँक त्याची प्रतिमा आणि तळाच्या पट्टीतील आकडे पुढे पाठवते. मूळ कागद तिच्याकडेच राहतो. त्यामुळे चेक वटवायचा की परत करायचा हे ठरवणारा कर्मचारी कागद उजेडात धरून पाहत नसतो, तर पडद्यावर जे स्पष्ट दिसते त्यावरून निर्णय घेतो. खालील बहुतेक सूचना याच एका गोष्टीतून निघतात.

चेक गडद आणि न पुसणाऱ्या शाईने लिहावा, तळाच्या पांढऱ्या पट्टीत काहीही लिहू नये, आणि त्यावर टाचणी किंवा रबरी शिक्का अशा जागी येऊ देऊ नये की रक्कम, सही किंवा तारीख झाकली जाईल. नाव किंवा रक्कम लिहिताना चूक झाली, तर खाडाखोड करून शेजारी सही करण्याची जुनी सवय आता उपयोगाची नाही. समाशोधनात, म्हणजे बँकांमधील चेकच्या देवाणघेवाणीत, जाणाऱ्या चेकवर तारखेखेरीज कोणतीही दुरुस्ती चालत नाही, म्हणून तो चेक रद्द करून नवा लिहावा. रक्कम मराठीत लिहिण्यास हरकत नाही, कारण ग्राहकाला हिंदी, इंग्रजी किंवा त्या प्रदेशाच्या भाषेत चेक लिहिता येतो. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी डाव्या टोकापासून सुरू करावी आणि उरलेल्या जागेत रेघ मारावी. अक्षरी आणि अंकी रकमेत फरक असल्यास अक्षरी रक्कम धरावी, असे चेकसारख्या कागदांविषयीचा १८८१ चा परक्राम्य संलेख अधिनियम (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) सांगतो. पण बँका असा चेक बहुधा परतच पाठवतात, तेव्हा कायद्यावर विसंबून राहण्यापेक्षा दोन्ही रकमा पुन्हा एकदा ताडून पाहणे बरे.

चेकच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात दोन समांतर रेघा मारल्या, की तो रेखांकित होतो आणि त्याचे पैसे खिडकीवर रोख मिळत नाहीत. त्या रेघांमध्ये ‘अकाउंट पेयी’ असे लिहिले, तर रक्कम ज्याच्या नावे चेक आहे त्याच्याच खात्यात जमा करणे बँकेवर बंधनकारक होते. कोणालाही चेक देताना एवढे तरी करावेच. सही केलेला कोरा चेक मात्र कितीही विश्वासाच्या माणसाला देऊ नये, कारण तो भरून घेण्याचा अधिकार आपण त्याच्या हाती सोपवलेला असतो.

चेकवरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत तो बँकेत भरावा लागतो. १ एप्रिल २०१२ पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती आणि अनेकांच्या मनात अजून तीच आहे. पुढील तारखेचा चेक त्या तारखेआधी वटत नाही.

पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक रकमेचा चेक दिल्यास पॉझिटिव्ह पे ही सोय वापरावी. चेकचा क्रमांक, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव आपण बँकेला ॲपवरून, नेट बँकिंगमधून किंवा शाखेत जाऊन आधी कळवायचे, आणि चेक आल्यावर बँक तो त्या तपशिलाशी ताडून पाहते. ही सोय १ जानेवारी २०२१ पासून आहे. ती सर्वसाधारणपणे ऐच्छिक असली, तरी पाच लाख व त्यावरील चेकसाठी ती सक्तीची करण्याची मुभा बँकांना आहे. म्हणून मोठा चेक देण्याआधी आपल्या बँकेचा नियम विचारून घ्यावा.

चेक भरताना स्लिपवर खाते क्रमांक आणि चेकच्या मागे नाव व खाते क्रमांक लिहावा. पेटीत चेक टाकणे सोयीचे वाटते, पण त्याचा पुरावा हाती राहत नाही. खिडकीवर चेक देऊन शिक्क्याची पोचपावती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे आणि शाखेला ती नाकारता येत नाही. भरलेला चेक बँकेकडून गहाळ झाला, तर तिने खातेदाराला तत्काळ कळवणे आणि दुसरा चेक मिळवण्यासाठी येणारा खर्च सोसणे अपेक्षित आहे. अशा वेळी ती पावतीच कामी येते.

पैसे कधी जमा होतात, या प्रश्नाचे उत्तर ४ ऑक्टोबर २०२५ पासून बदलले आहे. पूर्वी चेक गठ्ठ्यांनी पुढे जात आणि त्यात एक-दोन कामकाजाचे दिवस लागत. नव्या व्यवस्थेच्या पहिल्या टप्प्यात दिवसा ठरलेल्या वेळेत प्रतिमा सतत पाठवल्या जातात आणि देणाऱ्या बँकेला संध्याकाळी सातपर्यंत होकार किंवा नकार कळवावा लागतो. तिने काहीच कळवले नाही, तर चेक मान्य झाला असे धरले जाते. याची दुसरी बाजू चेक देणाऱ्याने ओळखावी: चेक वटेपर्यंत पैशांची जुळवाजुळव करायला मिळणारा वेळ आता फारसा उरलेला नाही.

संयुक्त खात्यात सही कोणाची चालेल, हे खाते उघडताना दिलेल्या सूचनेवर ठरते. त्या सूचनेनुसार दोघांच्याही सह्या लागत असतील, तर एका सहीचा चेक परत येतो. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने स्वतः काहीच व्यवहार केला नाही, तर खाते निष्क्रिय ठरते. ते पुन्हा सुरू करण्यासाठी ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात, शुल्क मात्र द्यावे लागत नाही.

चेक परत आल्यास बँकेचा मेमो जरूर घ्यावा आणि त्यावरचे कारण वाचावे. सही जुळत नाही किंवा तारीख चुकली, अशा कारणांसाठी देणाऱ्याकडून नवा चेक घेणे हाच जवळचा मार्ग असतो. खात्यात पुरेशी रक्कम नसल्याचे कारण असेल आणि चेक कायदेशीर देण्यापोटी दिलेला असेल, तर वर सांगितलेल्या परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते, आणि तेथे मुदती कडक आहेत. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत देणाऱ्याला लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करता येते. या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून नोटीस स्पीड पोस्टने पाठवावी आणि टपालाची पावती, परतीचा मेमो व मूळ चेक एकाच पाकिटात जपून ठेवावेत.