वेल्डिंग सगळ्यात शेवटी: खुरपणाऱ्या बायकांसोबत सायकल कोळपं कसं सुधारायचं

सायकल कोळपं, म्हणजे चाकावर हाताने ढकलायचं तण काढायचं अवजार, आणलं, दोन दिवस चालवलं आणि गोठ्यात टांगलं, असं बऱ्याच घरांत होतं. मूठ पुरुषाच्या उंचीला बेतलेली आणि खुरपणी बायकांकडे, मग दुसरं काय होणार? म्हणून सुधारणेला हात घालताना पहिली अट एकच: जी खुरपते, तिचा शब्द शेवटचा.

उंचीने वेगवेगळ्या सहा ते आठ जणी घ्या. बैठक ओसरीवर नको, बांधावर घ्या. घरची पुरुषमंडळी समोर असली की "बरं हाय" याच्यापुढे उत्तर सरकत नाही. पहिल्या दिवशी काही विचारूच नका. तासभर काम बघा आणि हात कधी थांबतो ते लिहा: पासेला, म्हणजे तण कापणाऱ्या आडव्या पात्याला, चिकटलेली माती खरवडायला, अडकलेली हराळी सोडवायला, की कंबर सरळ करायला. दुरुस्तीची यादी यातूनच निघते.

मग मापं. हात कोपरात काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपराची उंची मोजा. 150 सेंमी उंचीच्या बाईची ती साधारण 95 सेंमी भरते. मूठ कोपराच्या थोडी खाली हवी, म्हणून 80 ते 100 सेंमी उंची मिळेल अशी पाच भोकांची पट्टी लावा. भोकं पाडताना नळीवरचं अंतर धरू नका. नळी तिरपी असते, मुठीची जमिनीपासूनची उंचीच मोजा. मुठीची जाडी 30 मिमीच्या आसपास ठेवा. अंगठा आणि मधलं बोट जुळत नसेल तर पकड टिकत नाही.

पास कमानपाट्याची (गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पट्टीची) करून घ्या, 15 आणि 20 सेंमीच्या दोन. सोयाबीनच्या ओळी 45 सेंमीवर असल्या तरी रुंद पास हाताने ढकलवत नाही. अरुंद पासेचे दोन फेरे परवडतात. सगळं नट-बोल्टवर जोडा. एकदा वेल्ड झालं की बाई काही सांगायची थांबते, कारण "आता कशाला मोडायचं?"

चाचणी वाफशावरच घ्या, म्हणजे जमीन फार ओलीही नको आणि कोरडीही नको. प्रत्येक अवजाराला 10 मीटरच्या चार ओळी, सोबत जुनं खुरपंही. 50 सेंमीची चौकोनी चौकट टाकून आधीचं आणि नंतरचं तण मोजा: 40 चं 6 राहिलं तर 85 टक्के तण निघालं. कापली गेलेली पिकाची रोपंही मोजा, ती विसरली जातात. निम्म्या जणींना अवजारं उलट्या क्रमाने द्या. नाहीतर थकवा आल्यामुळे शेवटचं अवजार उगाच वाईट ठरतं.

आता काय बिघडतं ते. पास जमिनीत घुसून कोळपं अडलं, तर तिचा जमिनीशी कोन जास्त आहे; 15 ते 20 अंशांवर आणा, खोली 2-3 सेंमी पुरे. नुसतीच वरून घसरली, तर कोन कमी आहे किंवा धार गेली आहे. काळ्या रानात माती चिकटत असेल तर आधी वाफसा तपासा, पासेला दोष नंतर द्या. लव्हाळ्याची गाठ जमिनीत राहते, तो पुन्हा फुटणारच. ते कोळप्याचं अपयश मानू नका.

यानंतर कोळपं दोन आठवडे बायकांच्या घरीच वापरायला ठेवा आणि परत आल्यावर ते नीट निरखा. मुठीला जुन्या ट्यूबची पट्टी किंवा लुगड्याची चिंधी गुंडाळलेली दिसली, तर नळी घसरते किंवा उन्हात तापते, हे तिने हातानेच सांगितलंय. चिंधीच्या जागी रबरी मूठ बसवा. पासेजवळ तार बांधली असेल तर तिथला बोल्ट सैल होतोय. स्प्रिंग वॉशर टाका.

बदल थांबले की कोळप्याची चौकट वेल्ड करा. पासेच्या मापाचा पत्रा नमुना म्हणून कापून गावच्या लोहाराकडे ठेवा, म्हणजे झिजलेली पास तोच बदलून देईल. भोकांची पट्टी मात्र कधीच वेल्ड करू नका. सकाळी सासू आणि दुपारी सून, कोळपं एकच असतं.