काट्याचा नायटा होऊ देऊ नका: काटा, कूस, काच काढताना होणाऱ्या चुका

बोटात कूस शिरली की दुसरा हात आपोआप तिथे जातो आणि दोन नखांत धरून ती जागा दाबली जाते. पहिली चूक इथेच होते. लाकडाची ढलपी किंवा बांबूची कूस बहुतेक वेळा तिरकी आत गेलेली असते. वरून दाबलं की ती बाहेर येत नाही, आतल्या आत मोडते. अख्खी कूस निघायला मिनिट पुरतं. तिचे तीन तुकडे झाले की ते शोधताना डॉक्टरांचाही कस लागतो. त्यामुळे काहीही करताना एवढंच बघायचं, की काटा मोडता कामा नये.

आधी हात आणि ती जागा साबणाने धुवा आणि नीट कोरडी करा. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवून बसायचा सल्ला घरोघरी मिळतो, पण लाकडाच्या बाबतीत तो उलटा पडतो. लाकूड पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं आणि चिमट्यात धरलं की तुटतं.

माझी आजी बांगडीत अडकवलेल्या सेफ्टी पिनेने काटे काढायची. तिचा हात फार हलका होता आणि तिचा एक नियम होता: काटा दिसल्याशिवाय पिन टेकवायची नाही. तो नियम आजही जसाच्या तसा पाळावा. पिन मात्र बदलावी. दिवसभर घामात, कणकेत, भांड्यांत फिरलेली पिन कातडीत घालणं म्हणजे जंतूंना वाट करून देणं. काडीपेटीवर धरलेल्या सुईला काजळी चढते, ती जखमेत जाते. त्यापेक्षा सुई आणि चिमटा दहा मिनिटं उकळा किंवा स्पिरिटने पुसून घ्या. मेडिकलमध्ये मिळणारी पाकीटबंद इंजेक्शनची सुई सर्वांत चांगली. बाभळीच्या काट्यानेच रुतलेला काटा टोकरणारेही मी पाहिलेत. काट्याने काटा काढायचा तो म्हणीतच.

मग उजेड. उन्हात बसा, नाहीतर टॉर्च बाजूने तिरपा धरा, म्हणजे कातडीखालची काळी रेघ स्पष्ट दिसते. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून कुणाला तरी धरायला सांगा. काट्याचं टोक बाहेर असेल तर सुईची गरजच नाही. टोकदार चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि ज्या तिरकसपणे तो आत गेला त्याच रेषेत, सावकाश, उलट दिशेने ओढा. सरळ वर उचकलंत तर तो मोडेल. टोक आत असेल तर सुईने त्या रेघेवरची कातडी लांबीच्या दिशेने थोडी उघडा, टोक उचला आणि मग चिमटा लावा. दहा मिनिटांत जमलं नाही तर थांबा. टोकरत राहिल्याने रक्त येतं, जागा सुजते आणि काटा दिसेनासा होतो. लहान मुलाला चौघांनी दाबून धरू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दोन-तीन मिनिटं लावला की जागा बधिर होते आणि मूलही शांत होतं.

गुळाचा चटका, रुईचा चीक, बिब्बा

हे उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत आणि ते करणारी माणसं मायेनेच करतात. पण गरम गुळाने भाजतं, आणि भाजलेल्या कातडीखालचा काटा शोधणं जास्त अवघड होतं. बिब्ब्याचं तेल कातडीवर उतलं की फोड येतात, काही जणांना अंगभर. रुईचा चीक लागलेला हात चुकून डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होते. जखमेत हळद, चहापूड, राख किंवा चुनाही भरू नका. काटा निघाल्यावर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि पोव्हिडोन-आयोडिन हे जंतुनाशक लावा; पुरे.

फड्या निवडुंगाची बारीक कुसं एकेक करून निघत नाहीत. मोठे काटे चिमट्याने काढा, मग पांढऱ्या फेव्हिकॉलचा पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावर सोलून काढा. फेव्हिक्विक चुकूनही वापरू नका, ते कातडीला चिकटून बसतं. खाजकुयली लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून उचलून घ्या. कोकणात शिंगाळा माशाचा काटा लागला तर तो स्वतः उपसू नका. त्याला करवतीसारखे दाते असतात आणि विषही असतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात धरून दवाखाना गाठा.

धनुर्वात फक्त गंजक्या खिळ्यानेच होतो हा समज घातक आहे. त्याचे जंतू मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे गोठ्यात रुतलेला बाभळीचा काटाही तितकाच धोक्याचा. लसीकरण पूर्ण झालं असेल तर दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घ्यायची गरज नसते. पण जखम मातीची असेल आणि शेवटची लस 5 वर्षांपेक्षा जुनी असेल किंवा आठवतच नसेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

मधुमेह असेल तर पायातला काटा घरी काढूच नका, कारण बधिर पायाला आपण किती खोल टोकरतोय तेच कळत नाही. डोळ्यातला, नखाखाली खोल गेलेला किंवा सांध्याजवळचा काटाही डॉक्टरांकडेच. लाली पसरली, लाल रेघ वर चढली, पू किंवा ताप आला तर वाट पाहू नका.

काही वेळा त्रास उशिरा सुरू होतो. शिंदीचा काटा गुडघ्यात किंवा बोटाच्या पेरात गेला, वरची जखम भरली, आणि काही आठवड्यांनी सांधा सुजला, तर आत तुकडा राहिलेला असू शकतो. अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या पायात काट्यावाटे बुरशी शिरून ‘मदुरा पाय’ होतो. पाय हळूहळू सुजतो, छिद्रं पडतात, त्यातून दाणे येतात, आणि दुखत नसल्याने माणूस वर्षानुवर्षं अंगावर काढतो. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवलेल्या हेन्री व्हॅनडाइक कार्टर यांनी एकोणिसाव्या शतकातच यामागे बुरशी असते हे दाखवून दिलं होतं. तरी आजही हे रुग्ण उशिरानेच दवाखान्यात पोचतात.

डॉक्टरांकडे जाताना काय रुतलं, कधी रुतलं ते सांगा आणि निघालेला तुकडा सोबत न्या. काच आणि धातू एक्स-रेत सहसा दिसतात, लाकूड बहुधा दिसत नाही. एक्स-रे स्वच्छ आला आणि ठणका थांबला नाही, तर सोनोग्राफी करायची का, हे तुम्हीच विचारा.