सातारा हिल हाफचं टार्गेट घ्या, मग बघा
आयुष्यात काय करायचंय तेच कळत नसेल तर नुसता विचार करत बसू नका, सरळ सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारखं टार्गेट घ्या. २१ किमी, आधी यवतेश्वरचा घाट चढायचा मग उतरायचा. सुरुवातीला थोडं पळा थोडं चाला, गप्पा मारता येतील इतकाच स्पीड, आणि लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) रविवारी रनिंग ग्रुपसोबतच करा, नंतर मिसळ असते (खरं मोटिव्हेशन तेच म्हणा!). मूडची वाट बघू नका, बूट-मोजे रात्रीच दाराशी काढून ठेवा. चढावर पावलं छोटी, उतारावर जपून, गुडघे तिथेच बोलायला लागतात. "मी हे कशासाठी करतोय" ते पहिल्याच महिन्यात कळणार नाही, ग्रुपात कोणी नवीन आलं की त्याच्यासोबत हळू पळून बघा, बऱ्याच जणांना उत्तर तिथे सापडतं.