अनुदान मंजूर झालं, मग घोडं कुठं अडतं? कॉलेजच्या समाजसेवी प्रकल्पांनी या चुका टाळा

मे महिन्यात एक पोट्टा स्टाफरूममध्ये आला आणि त्यानं टेबलावर बिलांचं पाकीट उपडं केलं. बसस्टॉपवर पाणी आणि ओआरएस वाटण्याचा प्रकल्प होता. बिलं महिनाभर स्कूटीच्या डिक्कीत पडून होती, आणि नागपूरचं ऊन तर ठाऊकच आहे. थर्मल कागदावरची निम्मी बिलं काळीठिक्कर पडलेली, उरलेल्यांवरचे आकडे उडालेले. ‘सर, खर्च तर खराच झाला ना जी!’ झाला होता, कामही चांगलं झालं होतं. पण हिशेबाला लावायला कागद नव्हता. दुकानदारांकडून दुय्यम प्रती मिळवण्यासाठी आम्ही दोन दिवस बर्डीची बाजारपेठ पालथी घातली.

बरीच वर्षं विद्यार्थ्यांचे प्रस्ताव वाचतोय. कल्पना वाईट म्हणून प्रस्ताव क्वचितच पडतो. घोडं अडतं ते अशा कागदांवर.

म्हणून बिल हातात आलं की त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मूळ बिलाला टाचा, मागे लिहा: कशासाठी, कुणी आणलं, अंदाजपत्रकातल्या कोणत्या हेडमध्ये (खर्चाच्या बाबीत). फोटोही काढून ठेवा. ऑटोवाला, चहावाला बिल देत नाही. तिथं तारीख, कारण, रक्कम आणि घेणाऱ्याची सही असलेलं व्हाउचर त्याच दिवशी करा. मार्चअखेरीस एका बैठकीत, एकाच पेनानं भरलेली चाळीस व्हाउचरं तपासनिसाला लांबूनच कळतात. आणि एकच बिल दोन देणगीदारांना दाखवू नका. ही चूक नव्हे, लबाडी आहे.

दुसरी अडचण पैसे कुणाच्या नावावर येणार ही. पाच मित्रांनी गट काढला, नाव ठेवलं, लोगोही केला, आणि थेट कंपनीकडे सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामासाठीचा निधी, मागायला गेले. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्चावी लागते, हे त्यांना पाठ असतं. पण बाहेरच्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचं तर तिची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते (१ एप्रिल २०२१ पासून), आणि ट्रस्ट किंवा सोसायटी असेल तर साधारणपणे आयकराच्या १२ए, ८०जी या नोंदण्या आणि तीन वर्षांचा अनुभवही. नोंदणी नसलेल्या गटाला हे कुठून जमणार? कॉलेज चालवणाऱ्या संस्थेकडे ही नोंदणी आहे का, ते आधी ऑफिसात विचारा. असेल तर तिच्या नावानं अर्ज करा.

परदेशी फाउंडेशनचे पैसे स्वतःच्या बचत खात्यात मागवायचा विचार तर सोडूनच द्या. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर सामाजिक उपक्रमासाठी परदेशी देणगी घेता येत नाही.

अंदाजपत्रकाबद्दल थोडक्यात: ‘साहित्य ५०,०००, प्रवास २०,०००, इतर ३०,०००’ असं लिहू नका. किती नग, कोणत्या दरानं, ते मांडा आणि कोटेशन जोडा. ‘इतर’ या शब्दावर सगळ्यात जास्त लाल पेन चालतो.

वस्तीला विचारलं का, हा प्रश्न मात्र मी सोडत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून शहरात पाणी घुसलं, तेव्हा आमची मुलं चादरींचे गठ्ठे घेऊन गेली. एका घरात आजीबाईंनी चादर हातात घेतली, मागे गुडघाभर गाळाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, ‘हे कुठं अंथरू बाप्पा?’ फावडी, बादल्या, फिनाइल हवं होतं. तेव्हापासून प्रस्तावासोबत वस्तीतल्या चार घरांशी झालेलं बोलणं लिहून मागतो, त्यांच्याच शब्दांत. छापील सर्व्हे फॉर्म नको.

वेळापत्रकात ‘ऑगस्टमध्ये सुरुवात’ असं लिहिलेलं असतं आणि रक्कम येते जानेवारीत. मग परीक्षा, मग ३१ मार्च. महिन्यांऐवजी ‘रक्कम मिळाल्यापासून तिसरा आठवडा’ असं लिहा. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास आणि प्रकल्पाचं काम एकाच वहीत लिहू नका. नंतर कोणता तास कुठला, हे मुलांनाच सांगता येत नाही.

पैसे उरले तर? मुदतवाढीचं पत्र मुदत संपायच्या आधी गेलं पाहिजे, नंतरच्या पत्राला सहसा कुणी विचारत नाही. एका हेडचे दुसऱ्यात वळवायचे असतील तर आधी लेखी परवानगी घ्या. केंद्र सरकारचं अनुदान असेल तर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्चले याचा दाखला) सरकारी वित्त नियमांतल्या १२-ए नमुन्यात द्यावं लागतं आणि खात्यात जमा झालेलं व्याजही परत करावं लागतं. आमची एक फाइल यावरच अडली होती. २१२ रुपये व्याज, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. भरले, चलन जोडलं, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा हप्ता आला.