पदवी होती, पण थेंब पसरता येईना

रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी वैद्यकीय प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणाला गेले, तेव्हा मनातल्या मनात स्वतःला बरेच गुण देऊन ठेवले होते. टायट्रेशन जमतं, स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताळलाय, पायपेट धरताना हात थरथरत नाही. रक्तातली साखर मोजायला आणखी काय लागतं? पहिल्याच आठवड्यात मला काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पसरायला सांगितला आणि सगळी गुर्मी उतरली.

याला स्मिअर म्हणतात. दुसरी काचपट्टी 30 ते 45 अंशांत तिरकी धरायची, मागे सरकवत थेंबाला टेकवायची, थेंब कडेभर पसरला की एका दमात पुढे न्यायची. वाचायला चार सेकंद लागतात. माझे स्मिअर कधी जाड लपेटा, कधी पट्टीच्या टोकावरून खाली गेलेले, कधी भोकाभोकांचे. भोकं पडतात कारण काचेला बोटांचं तेल लागलेलं असतं, हेसुद्धा मला कुणीतरी सांगावं लागलं. शेवट जिभेच्या टोकासारखा पातळ हवा, कारण पेशी एकेक सुट्या दिसतात त्या तिथेच. पुढे कळलं की ॲनिमियाचं रक्त पातळ, तर कोन थोडा वाढवायचा. रक्त घट्ट असेल तर कमी करायचा. हे बोटांना कळायला मला दोन-तीन आठवडे आणि काचपट्ट्यांचे कितीतरी डबे लागले. तुम्हालाही लागतील. लाज वाटून घेऊ नका, फक्त डबा संपला की नवा काढून ठेवा.

कोर्स निवडताना मी एक चूक करता करता राहिले, ती आधी सांगते. माहितीपत्रकातल्या विषयांच्या यादीला भुलू नका. यादी सगळीकडे सारखीच असते. तीन गोष्टी विचारा. चालू प्रयोगशाळेत, खऱ्या पेशंटच्या सॅम्पलवर किती तास काम करायला मिळतं? हिमॅटोलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी आणि रक्तपेढी या चारही विभागांत पाळी लागते का? आणि जिथे नोकरी करायची आहे, तिथली नोंदणी किंवा परवाना देणारी संस्था हा कोर्स मानते का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजकडून घेऊ नका, त्या संस्थेचे नियम स्वतः उघडून वाचा. पदवीला सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायन नसेल, तर काही ठिकाणी ते विषय आधी पूर्ण करून या म्हणतात. हे प्रवेशाच्या दारात कळलं तर वर्ष जातं.

आणखी एक, जे सहसा कुणी बोलत नाही: रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या. जिवाणू रंगवून दोन गटांत वाटायच्या ग्रॅम स्टेनमध्ये जांभळा (पॉझिटिव्ह) आणि गुलाबी (निगेटिव्ह) हाच तर सगळा खेळ आहे. माझ्या बॅचमधल्या एका मुलाला आपल्याला तो फरक नीट दिसत नाही हे मायक्रोस्कोपसमोर बसल्यावर कळलं. त्याने पुढे बायोकेमिस्ट्री धरली आणि चांगला रुळला, पण आधी कळलं असतं तर मधला मनस्ताप वाचला असता.

आता पोटॅशियमची गोष्ट. ही मी प्रत्येक नव्या मुलाला सांगते, कारण तिच्यात माझी पदवी आणि माझं प्रशिक्षण समोरासमोर आले.

बायोकेमिस्ट्रीतला माझा तिसरा आठवडा. एका सॅम्पलचं पोटॅशियम आलं 9.8. सर्वसाधारण पातळी साधारण 3.5 ते 5 मिलीमोल प्रति लिटर; 9.8 म्हणजे हृदय कधीही बंद पडू शकेल असा आकडा. मी घाबरले, पण शिकवल्याप्रमाणे सॅम्पल पुन्हा लावलं. 9.7. दोनदा तेच आलं, म्हणजे खरंच, असं म्हणून मी वॉर्डात कळवायला फोन उचलला. शेजारच्या सीनियर मॅडमनी मान न वळवता विचारलं, "कॅल्शियम किती आलंय?"

ते त्याच स्क्रीनवर होतं. 4 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, जिथे 9-10 च्या आसपास हवं. "आणि अल्कलाइन फॉस्फटेज?" हे रक्तातलं एक एन्झाइम. तेही तळाला.

"फोन लाव," त्या म्हणाल्या, "पण आकडा सांगू नकोस अजून. पेशंट काय करतोय ते विचार."

पेशंट उशीला टेकून पेपर वाचत होता.

झालं असं होतं की साध्या ट्यूबमध्ये रक्त कमी भरलं, म्हणून कुणीतरी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं थोडं तिच्यात ओतून पातळी पूर्ण केली होती. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचं रसायन असतं, तेही पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात. म्हणून पोटॅशियम आभाळाला. ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून कॅल्शियम पाताळात. आणि अल्कलाइन फॉस्फटेजला चालायला जस्त आणि मॅग्नेशियम लागतं, तेही ईडीटीएने पकडलेलं. मशीनने चोख काम केलं होतं. नळीत जे होतं ते त्याने दोनदा अचूक मोजलं. ते पेशंटचं रक्त राहिलं नव्हतं, एवढंच.

मला खाली बघायला लावणारी गोष्ट पुढे आहे. पाण्याचा जडपणा काढायला ईडीटीएचं टायट्रेशन मी पदवीला किती वेळा केलं असेल! कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला ते कसं विळखा घालतं, याची आकृती मी परीक्षेत काढून आले होते. सगळं माहीत होतं. पण तो ब्युरेटमधला ईडीटीए आणि हा नळीतला ईडीटीए एकच, हे डोक्यात जोडलंच गेलं नाही. मॅडमना ते जोडायला दोन सेकंद लागले. त्या दिवसापासून मी वहीच्या मागच्या पानावर ट्यूबचे रंग लिहून प्रत्येकासमोर "ही चुकीच्या जागी गेली तर कोणता आकडा कुठे सरकेल" ते लिहायला लागले. निळ्या झाकणाची सायट्रेटची ट्यूब: नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, अर्धवट भरली तर रक्त गोठायची वेळ खोटी वाढते. राखाडीत फ्लोराइड, कारण साध्या ट्यूबमध्ये ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात बसतात आणि तासातासाला आकडा उतरतो. सुई लावताना लाल पेशी फुटल्या तर त्यांच्या पोटातलं पोटॅशियम बाहेर येतं. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, गुलाबी दिसलं की आकड्याआधी त्याच्याकडे बघायचं. कोर्समध्ये अशी वही कुणी मागत नाही. तुम्ही ठेवा.

प्लेटलेटचंही असंच. मशीन म्हणतं 20 हजार, पेशंटच्या अंगावर एक डाग नाही. स्मिअर बघावा तर कडेला प्लेटलेटचे पुंजके. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्येच एकमेकींना चिकटतात आणि मशीन पुंजक्याला प्लेटलेट धरतच नाही. सायट्रेटमध्ये पुन्हा रक्त घ्यायचं आणि पातळ झाल्याबद्दल आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. मघाच्या स्मिअरची मेहनत कामी येते ती इथे.

क्वालिटी कंट्रोलचा तक्ता सुरुवातीला कंटाळवाणा वाटेल. सरासरीची रेघ, वर-खाली दोन-तीन रेघा आणि कंट्रोलचा, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेल्या सॅम्पलचा, रोजचा एक ठिपका. ही पद्धत मुळात कारखान्यांतली. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी 1950 मध्ये ती वैद्यकीय प्रयोगशाळेत आणली, आणि कोणता ठिपका चालेल, कोणता नाही याचे वेस्टगार्ड यांचे नियम 1981 मधले. नवखा माणूस इथे ठरावीक चूक करतो. कंट्रोल दोन एसडीच्या (एसडी म्हणजे प्रमाण विचलन, सरासरीभोवतीच्या नेहमीच्या चढउताराचं माप) बाहेर गेला की पुन्हा लावतो, पुन्हा लावतो, आत आला की हुश्श म्हणून पेशंटची सॅम्पल सोडतो. सगळं ठणठणीत असतानाही वीसातला एखादा ठिपका दोन एसडीबाहेर पडणारच, त्याने हबकायचं कारण नाही. मला भीती वाटते ती रेघेच्या आतच, पण सलग दहा दिवस सरासरीच्या एकाच बाजूला बसलेल्या ठिपक्यांची. रिएजंट, म्हणजे तपासणीचं रसायन, म्हातारं होत चाललंय किंवा दिवा मंद होतोय, आणि मशीन तोंडातून ब्र काढत नाही.

मायक्रोबायोलॉजीबद्दल थोडक्यात. ग्रॅम स्टेन 1884 पासून जवळपास तसाच आहे आणि अजूनही अल्कोहोलने रंग धुवायच्या पायरीला लोकांना फसवतो. दोन-चार सेकंद जास्त धुतलं की पॉझिटिव्ह जिवाणू निगेटिव्ह दिसायला लागतात. शेजारी माहितीतल्या जिवाणूंची एक स्लाइड कायम रंगवा, वेळ नाही असं म्हणू नका. बाकी वास, आगर प्लेट, वाट बघणं. ज्याला आवडतं त्याला वेड लागतं. मला नाही लागलं.

रक्तपेढीत मात्र मी सहा महिने कान पाडून काम केलं. लँडस्टायनरने 1901 मध्ये रक्तगट मांडले, तेव्हापासूनचं तत्त्व सोपं आहे. पेशी तपासायच्या, मग उलट बाजूने सीरम तपासायचं, दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. पण चुकीच्या गटाचं रक्त चढतं ते बहुतेक वेळा नावाच्या घोळामुळे: दुसऱ्याच्या हाताचं रक्त, तिसऱ्याचं लेबल. म्हणून ट्यूबवरचं नाव खाटेजवळच, रक्त घेतल्या घेतल्या लिहायचं. आधी लेबल लावलेल्या रिकाम्या ट्यूब खिशात घेऊन फिरणारा माणूस दिसला की मी आजही थांबवते, तो कितीही सीनियर असो.

रात्रपाळीचं विचाराल तर झोपेपेक्षा एकटेपणाचा त्रास जास्त. पहाटे तीनला धोक्याचा आकडा आला की फोनवर सांगायचा, समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा, नाव आणि वेळ लिहायची. समोरचा झोपेत "हो, हो" म्हणतो. त्याला आकडा म्हणायला लावा, वाईटपणा आला तरी चालेल.

प्रवेश अजून व्हायचा असेल तर एक काम आजच करून टाका. हिपॅटायटिस बी च्या लशीचे तीन डोस साधारणपणे शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात, आणि शेवटच्या डोसानंतर महिन्या-दोन महिन्यांनी अँटिबॉडी 10 mIU/mL च्या वर गेल्या का ते तपासतात. म्हणजे पहिला डोस कोर्सच्या पहिल्या दिवशी घेतला, तर सुया हाताळायचे सुरुवातीचे महिने पुऱ्या संरक्षणाविना जातात. माझे तसेच गेले.