घरीच रुक्या कसा करायचा आणि आमिलपासून लांब कसं राहायचं

घरात सारखं आजारपण, धंद्यात खोट, की लगेच कुणीतरी म्हणतं करणी केलीय, चला आमिलकडे, म्हणजे झाडफूक-तावीज करणाऱ्या बाबाकडे. थांबा जरा. आधी डॉक्टरकडे जा, इलाज करा असं खुद्द पैगंबरांनी (स.) सांगितलंय, आणि सोबत रुक्या करा, म्हणजे आयती (कुरआनची वचनं) आणि दुवा वाचून दम करणं, फुंकर घालणं. त्याला दुसरा माणूस लागतच नाही.

रात्री झोपताना दोन्ही तळहात जवळ घ्या, इख्लास, फलक, नास या कुरआनच्या शेवटच्या तीन सूरा (अध्याय) वाचा, हातांवर फुंका आणि डोक्या-चेहऱ्यापासून सुरू करून हात पोचेल तिथपर्यंत अंगावरून फिरवा, असं ३ वेळा, पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांनी त्यांची हीच पद्धत सांगितलीय. आयतुल कुर्सी (सूरा बकराची २५५ वी आयत) पण वाचा. कुठे दुखत असेल तर तिथे हात ठेवून ३ वेळा बिस्मिल्लाह आणि मग ७ वेळा त्या दुखण्याची दुवा. फातिहा, कुरआनची पहिली सूरा, तर आहेच, एका सहाबींनी (पैगंबरांच्या साथीदाराने) विंचू चावलेल्या सरदारावर तीच वाचली होती. फक्त शब्द कुरआनचे किंवा समजणारे हवेत, आणि बरं करणारा अल्लाह आहे, आपली फुंकर नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

आता आमिल. जादू खोटी आहे असं इस्लाम म्हणत नाही, सूरा बकराच्या १०२ व्या आयतीत नवरा-बायकोत फूट पाडणाऱ्या जादूचा उल्लेख आहे, पण तिथेच लिहिलंय की अल्लाहच्या मर्जीशिवाय तिने कुणाचं काही बिघडत नाही. त्यामुळे समोरचा आईचं नाव विचारायला लागला, वापरलेला कपडा, केस मागायला लागला, न कळणारं काहीतरी पुटपुटायला लागला की उठा आणि चालू लागा. सगळ्यात वाईट म्हणजे हे लोक 'तुमच्या जावेनेच केलंय' असं सांगून मोकळे होतात, आणि घर फुटतं ते त्या एका वाक्याने!

तावीजमध्ये नुसती आयत असेल तर उलेमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत, मी म्हणेन गळ्यात कशाला, तोंडाने वाचा ना.

राशिभविष्य 'टाइमपास' म्हणून पण नको, भविष्य सांगणाऱ्याला नुसतं विचारलं तरी ४० रात्रींची नमाज कबूल होत नाही अशी सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात हदीस (पैगंबरांचं वचन) आहे. ताऱ्यांवरून दिशा ओळखा, त्याला कुणाची ना नाही. लग्न, नोकरीचा निर्णय अडलाय तर २ रकात नफल (ऐच्छिक नमाज) पढून इस्तिखाराची, म्हणजे अल्लाहकडे योग्य ते सुचव असं मागण्याची दुवा मागा, आणि उत्तर म्हणून स्वप्न पडायची वाट बघत बसू नका, चार जाणत्यांना विचारा आणि कामाला लागा.