जलसंजीवनी घरी कशी करावी, आणि प्रमाण का मोडू नये

मे महिन्यात रत्नागिरी-देवगडच्या बागांमधून आंबे उतरवणाऱ्या माणसाचा घाम सावलीत बसूनही वाळत नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घामाची वाफ लवकर होत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, आणि शरीर आणखी घाम गाळत राहते. त्या घामाबरोबर मीठही जाते. पुढे पावसाचे गढूळ पाणी विहिरीत उतरले की जुलाब सुरू होतात आणि हीच तूट काही तासांत होते. अशा वेळी नुसते पाणी पिऊन भागत नाही; मीठ-साखर ठरल्या मापाने विरघळवलेले पाणी, म्हणजे जलसंजीवनी, द्यावी लागते.

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग पाणी असतो. त्यातले दोन तृतीयांश पेशींच्या आत, उरलेले रक्तात आणि पेशींच्या अवतीभवती असते. बाहेरच्या पाण्यात सोडियम जास्त, आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त, आणि हा फरक पेशीच्या आवरणातला पंप राखतो. दर फेरीला तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो व पोटॅशियमचे २ आत घेतो; डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ साली तो उजेडात आणला. पाण्यासाठी मात्र असा पंप नाही. जिकडे विरघळलेले पदार्थ दाट, तिकडे ते आपोआप झिरपते. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की भांड्याच्या तळाशी पाणी सुटते, ते याच नियमाने.

आता कृती. प्रथम १ लिटर पाणी खळखळून उकळून, झाकून गार करावे. पाणी आधीच उकळावे. मीठ-साखर घातल्यानंतर उकळल्यास पाणी आटून द्रावण दाट होते. मग चहाचा चमचा घेऊन सपाट भरलेले ६ चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालून पूर्ण विरघळू द्यावे. चमचा शीग लावून भरू नये. चव पाहावी, द्रावण अश्रूंपेक्षा खारट लागले तर ते टाकून पुन्हा करावे. तयार पाणी झाकून ठेवावे व २४ तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या अस्तरातील पेशींत एक वाहक प्रथिन असते, जे ग्लुकोजचा एक रेणू सोडियमच्या दोन आयनांसह आत घेते, आणि त्यांच्यामागे पाणी जाते. कॉलऱ्यातही हा मार्ग बहुधा शाबूत राहतो; म्हणूनच १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत, सलाइन अपुरे पडत असताना, डॉ. दिलीप महालनोबीस यांना तोंडाने दिलेल्या अशा द्रावणाने असंख्य रुग्ण वाचवता आले. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पाणी ओढून जुलाब वाढवते, मीठ जास्त झाले तर रक्तातले सोडियम चढते. बाजारातली गोड शीतपेये जुलाबात देऊ नयेत, हे त्यामुळेच.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर पण सोडियम कमी असते. ते सोबत द्यावे, जलसंजीवनीऐवजी नव्हे. मीठ घातलेली तांदळाची पेज मला शहाळ्याहून उजवी वाटते, कारण तिच्यातल्या पिठूळ भागाचे पचनात ग्लुकोज होते. आरोग्य केंद्रात मिळणारी जलसंजीवनीची (ओआरएस) पुडी हाताशी असेल तर घरगुती मिश्रणापेक्षा तीच घ्यावी, कारण तिच्यात पोटॅशियमही मापून घातलेले असते.

दर जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तेवढे, घोटघोट पाजावे. उलटी झाली तर १० मिनिटे थांबून आणखी सावकाश द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शौचातून रक्त पडले, माणूस गुंगीत गेला किंवा काहीच पोटात ठरत नसेल, तर घरच्या उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा. वाटेतही शुद्धीत असलेल्या रुग्णाला पाजणे चालू ठेवावे.